दिनविशेष, ५ मे : शंभरपैकी शंभर

२०१९ : नृत्यदिग्दर्शक सुरेश मुकुंद यांच्या ‘द किंग्ज’ या मुंबईच्या १४ जणांच्या चमूने अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हाफ या परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. बक्षीस १० लाख डॉलर! वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या या पोरांची धडपड २०१५च्या ‘एबीसीडी २’ या चित्रपटातून पडद्यावर आली होतीच. पण खऱ्या गोष्टीचा शेवट सिनेमाहून झकास निघाला.

हा चमू ज्या हिप-हॉप शैलीत नाचतो, तिचे एक मूळ रेगेच्या जमैकात सापडते. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रंगवलेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मानतात.

मुकुंद यांना २०१९मध्येच नृत्यदिग्दर्शनाचे एमी नामांकनही मिळाले.