न पोहोचणारी वाट

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी माझे हृदय तपासण्यासाठी मला एका फिरत्या पट्ट्यावर चालवले. छातीला तारा चिकटवलेल्या, समोर कोरी भिंत, आणि पायांखालची वाट मागे मागे पळते आहे! नऊ मिनिटे चाललो, घामाघूम झालो आणि उतरलो तो जेथे चढलो तेथेच. घरी हा प्रकार सांगताच आमची मंडळी म्हणाली, “अहो, म्हणजे घाण्याचा बैलच की!”

इतिहासाच्या मास्तराला एवढी टोचणी पुरे होती. शोधत गेलो तो या यंत्राचे कूळ निघाले थेट तुरुंगात! १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनियराने रिकाम्या कैद्यांसाठी एक भले थोरले चक्र योजले. त्याच्या परिघावर पायऱ्या. कैद्याने एक चढावी, तो ती खाली जाई. १८२१ साली ते लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात बसले. कोठे ते धान्य दळी, कोठे पाणी उपसे. पुष्कळ ठिकाणी मात्र नुसता वारा दळला जाई. १८९५ साली शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डसारख्या नाटककारालाही ते तुडवावे लागले. १८९८ च्या कायद्याने त्याची सद्दी संपली.

पुढे तीच चाल वैद्यकाने उचलली. पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढवून हृदय पारखण्याची रीत अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. मी चाललो तो याच रीतीने.

आता तिसरा अवतार पाहा. डोळ्यांवर पडद्यांचा चष्मा चढवला, की माणूस संगणकाने रेखाटलेल्या नगरीत शिरतो. पण नगरी कितीही विस्तीर्ण असो, खोली दहा फुटांचीच! चार पावलांत कपाळमोक्ष ठरलेला. बरे, उभ्या जागी कळ दाबून पुढे सरकावे, तर डोळे म्हणतात ‘चाललो’ आणि पाय म्हणतात ‘उभेच आहोत’. या भांडणात डोके गरगरते. म्हणून अमेरिकेतील एका कंपनीने २०१३ साली ‘ओम्नी’ पुढे आणला: परातीसारखी गुळगुळीत बैठक, घसरणारे बूट आणि कमरेला कडे. टाकलेले पाऊल घसरून पुन्हा मध्याशी येते. २०२४ साली डिस्नेच्या लॅनी स्मूट यांनी तर अशी जमीन दाखवली, की तिच्यावर दोघे एकाच वेळी निरनिराळ्या दिशांना चालतात आणि जागच्या जागीच राहतात.

मला मात्र भावली ती त्याआधीची गोष्ट. १९८० नंतरच्या दशकात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या विभागाची इमारत बांधण्यापूर्वीच संगणकात उभी केली. याच प्रयोगांत पुढे, तिच्यात हिंडता यावे म्हणून, सायकलची मूठ जोडलेला चालता पट्टाही आला. त्या चित्रातल्या इमारतीत फिरताना दर्शनी दालनातील एक आडभिंत अडचणीची वाटली, आणि खरा आराखडा बदलला गेला.

वारा दळणारा कैदी वर्षानुवर्षे चढला, पण जगातला खडाही हलला नाही. इकडे ही माणसे कोठेच गेली नाहीत, पण भिंत सरकली. चालणे तेच, फरक चालण्यामागच्या हेतूचा!

माझ्या त्या नऊ मिनिटांत आलेखावर खोट उमटली, वेळीच उपचार झाले, आणि यंदा अंगणात पणत्या मांडायला मी आहे. परवा मंडळींना म्हटले, “बैल खरा, पण तेल निघाले हो!”