प्रस्तावना: एक अभंग, अनेक रूपे

नरसी हे हिंगोली जिल्ह्यातले गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा एकच अभंग वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळ्या रूपात हवा असतो. वारकऱ्याला ठळक टायपातला नुसता मजकूर पुरतो, अभ्यासकाला तळाशी पाठभेद लागतात, मोबाइलवर वाचणाऱ्याला ओळ मध्येच तुटायला नको असते. प्रत्येकासाठी वेगळी फाइल ठेवली, की एकीतली दुरुस्ती दुसरीत हमखास राहून जाते. एक्सएमएल (१९९८) ही खूणभाषा आणि एक्सएसएलटी (१९९९) ही तिचे रूपांतर करणारी भाषा यांनी यावर उपाय दिला: मूळ फाइलीत कडवे, ओळ, पाठभेद एवढेच नोंदवायचे आणि त्यांचे दिसणे नियमांच्या वेगळ्या फाइलीवर, म्हणजे स्टाइलशीटवर, सोपवायचे.

स्टाइलशीट कोऱ्या पानापासून लिहावी लागत नाही. तांत्रिक पुस्तकांसाठी डॉकबुक आणि साहित्यकृतींसाठी टीईआय या एक्सएमएल खूणपद्धतींच्या तयार स्टाइलशीट मिळतात. त्यांत थेट खाडाखोड मात्र करू नये. नवी आवृत्ती आली की ती सगळी मेहनत पुसली जाते. आपली छोटी फाइल वेगळी ठेवावी, तिच्या सुरुवातीलाच मूळ स्टाइलशीट 'इम्पोर्ट' करावी आणि खाली फक्त आपले वेगळे नियम लिहावेत. एकाच घटकासाठी दोन्हीकडे नियम असेल, तर आपला चालतो. 'इम्पोर्ट'ऐवजी 'इन्क्लूड' वापरले, तर दोन्ही नियमांना सारखाच मान मिळतो आणि ते एकमेकांशी भिडतात.

मराठीसाठी हे वेगळे नियम लागतातच. क्रमांकाच्या नमुन्यात '१' लिहिला, की अभंगांना देवनागरी आकडे पडतात. सूची नुसत्या युनिकोड क्रमाने लावली, तर 'क्षण' क-मध्ये आणि 'ज्ञान' ज-मध्ये जाऊन बसते. आपल्या कोशांप्रमाणे ते शेवटी हवे असतील, तर भाषा मराठी असल्याचे सांगावे लागते आणि स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोसेसरला तो क्रम ठाऊक असावा लागतो. पाठभेदांसाठी रिकामा नियम लिहिला, की वारकऱ्याच्या प्रतीतून ते गळतात. मूळ फाइलीत शाबूत राहतात.

संगणकाचे शिक्षण नाही म्हणून कोणी बिचकू नये. खरे काम अभंग जाणणाऱ्याचेच आहे. नामदेवांच्या नावावरील अभंगांच्या संग्रहात, म्हणजे गाथेत, विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचनाही मिसळल्याचे अभ्यासक सांगतात. कोणता अभंग कोणाचा मानला जातो, हे मूळ फाइलीत नोंदवले नसेल, तर कितीही चांगली स्टाइलशीट ते वेगळे करू शकत नाही. ती नोंद गाथा वाचणाऱ्यानेच करायची आहे. नियम लिहायला तो आठवडाभरात शिकेल.