निवाडा ठेवायचा कुठं?

बिलावरून मालक-ठेकेदाराचं बिनसलं की लवाद नेमतात, कोर्टापेक्षा लवकर सुटेल म्हणून. पण 1940 च्या कायद्यात लवादाचा निवाडा कोर्टात दाखल होऊन हुकूमनामा निघाल्याशिवाय वसुली नव्हती. गुरू नानक फाउंडेशन आणि रतनसिंग अँड सन्स यांच्या बांधकामाच्या तंट्यात तर निवाडा कोणत्या कोर्टात दाखल करायचा, यावरच सुप्रीम कोर्टाला 1981 मध्ये निकाल द्यावा लागला! या कायद्यापायी वकील हसतात नि कायद्याचे जाणकार रडतात, अशा अर्थाचं न्यायमूर्ती देसाईंनी लिहिलं. मला मात्र ठेकेदार दिसतो. सिमेंट, मजुरी त्यानं आधीच चुकवलेली असते. 1996 च्या कायद्यानं निवाड्यालाच हुकूमनाम्याचं बळ दिलं. वर्षभराची मुदत घालायला मात्र 2015 उजाडलं.