नर्स राहणार कुठे?

इंजिनिअर माणूस इमारतीचा नकाशा आधी बघतो, माणसं नंतर. माझंही तसंच झालं. पंचवीस वर्षं बांधकाम खात्यात काढून वडोदऱ्याच्या जुन्या दवाखान्यांच्या इतिहासाकडे वळलो, तेव्हा एक प्रश्न मनात घर करून बसला : वॉर्ड आहे, ऑपरेशनची खोली आहे, पण रात्रपाळी संपवलेली नर्स झोपायची कुठे? प्रश्न किरकोळ वाटेल. पण मराठी घरांतल्या बायका या पेशात इतक्या उशिरा का आल्या, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' लिहिलं. त्यात इमारतीचाच विचार जास्त. वॉर्ड तिसेक खाटांचा, दोन्ही बाजूंना खिडक्या, वॉर्डाला लागून सिस्टरची खोली आणि त्या खोलीतून सगळ्या खाटांवर नजर. पुढे १८८५ साली आपल्याकडे लेडी डफरिन यांचा फंड सुरू झाला. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी, शिकलेल्या नर्सेस आणि सुइणी तयार व्हाव्यात हा त्याचा हेतू. आपलं सयाजी रुग्णालय मुळात त्याच बाईंच्या नावाचं, हे जुन्या वडोदेकरांना ठाऊक आहेच.

म्हणजे इमारती आल्या, पण बायका सहजी येईनात. कारणं उघड होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याचं मलमूत्र उचलायचं, रात्र घराबाहेर काढायची. बाळंतपणाचं काम तर पिढ्यान्‌पिढ्या खालच्या मानलेल्या जातींवर टाकलेलं. त्यामुळे सुरुवातीच्या नर्सेस बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं. त्या १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आल्या. एवढी एक ओळ, आणि पाठ्यपुस्तक पुढे जातं.

ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा रमाबाई रानड्यांचा. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं आणि दोनेक वर्षांत तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. रमाबाईंनी नुसता वर्ग काढला नाही, वसतिगृहही चालवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माहेर-सासर दोन्हीकडे ओझं झालेल्या बाईला 'सेवा पवित्र असते' असं सांगून भागत नाही हो. तिला दाराला कडी असलेली खोली लागते, वेळेवर जेवण लागतं, आणि 'ती अमक्या ठिकाणी राहते' असं चारचौघांत सांगता येईल असा पत्ता लागतो. तो मिळाला तेव्हा रात्रपाळी अब्रूनिशी करता आली.

तरी हा धडा सरकारी यंत्रणेने लवकर घेतला नाही. भोर समितीचा अहवाल आला १९४६ साली. त्या वेळी देशात नर्सेस सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्यांच्या राहण्या-कामाच्या हालांबद्दलही समितीने स्पष्ट लिहिलं होतं.

इथल्या एका निवृत्त सिस्टरांना मी विचारलं, "एवढं करून मिळालं काय?" वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, "कंबर गेली, झोप गेली. स्थळं यायची, नोकरी ऐकून परत जायची. पण दोन्ही भावांची फी मी भरली. अजून भाजीबाजारात कुणीतरी वाकून नमस्कार करतं, 'सिस्टर, मी तुमच्या हातचा' म्हणतं. ते पेन्शनमध्ये धरत नाहीत."

बक्षीस होतं ते हे : स्वतःच्या नावाचा पगार आणि गावात ओळख. पण कागदावर ही ओळख फार थोडी उरली आहे. डॉक्टरांच्या तसबिरी रुग्णालयात लागतात, इमारतीला देणगीदाराचं नाव लागतं. नर्सच्या नेमणुकीचं पत्र, नोंदणीचा दाखला, वसतिगृहातला एखादा ग्रुप फोटो घरातल्या ट्रंकेत पडून असतो आणि घर बदलताना रद्दीत जातो.

म्हणून वाचकांना विनंती. आजी, आत्या, मावशी कुणी नर्स असेल तर ती ट्रंक एकदा उघडा. कागद आम्हाला देऊ नका, नुसता फोटो काढू द्या. आणि त्या हयात असतील तर आधी एवढंच विचारा : तेव्हा तुम्ही राहत कुठे होता?