'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या कुपीत काय असतं? जाणून घ्या मानवी ईजीएफबद्दल

पांढऱ्या पावडरीची छोटी कुपी. लेबलवर नाव 'रिकॉम्बिनंट ह्युमन ईजीएफ' आणि खाली सूचना: फक्त संशोधनासाठी. हे नेमकं आहे काय?

ईजीएफ म्हणजे काय?

ईजीएफ म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. ५३ अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन आपल्या शरीरातच तयार होतं. त्याचं काम निरोप पोहोचवण्याचं. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआर या रिसेप्टरला चिकटतं. मग दोन रिसेप्टर जोडीने काम सुरू करतात आणि 'वाढ, विभागणी कर' हा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो.

शोध कसा लागला?

अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले, दातही लवकर आले. त्यामागचं प्रथिन म्हणजे ईजीएफ. १९८६ मध्ये कोहेन आणि रिटा लेवी-मोन्ताल्चिनी यांना वाढीच्या घटकांच्या शोधासाठी नोबेल मिळालं.

मग 'रिकॉम्बिनंट' कशाला?

शरीरातून हे प्रथिन पुरेसं मिळवणं अवघड. म्हणून त्याचं मानवी जनुक बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत घालतात. जिवाणू प्रथिन बनवतात, मग ते शुद्ध करून सुकवलं जातं. प्रथिन मानवी, कारखाना जिवाणूचा!

प्रयोगशाळेत उपयोग काय?

त्वचेच्या पेशी वाढवण्यासाठी, आतड्याची छोटी प्रतिरूपं म्हणजे ऑर्गनॉइड्स तयार करण्यासाठी आणि कर्करोगाच्या अभ्यासासाठी. मात्रा अगदी कमी लागते. एका मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम धरले, तर १०० मायक्रोग्रॅमची कुपी १० लिटर द्रवाला पुरते.

हे औषध म्हणून वापरता येतं का?

ही कुपी नाही. ईजीएफपासून बनलेली औषधं मात्र आहेत. मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या जखमांसाठी हैदराबादच्या भारत बायोटेकचं 'रीजेन-डी' हे जेल आहे, तर क्युबाने 'हेबरप्रोट-पी' हे इंजेक्शन विकसित केलं. पण औषधाला माणसांवरच्या चाचण्या, निर्जंतुकतेची हमी आणि सरकारी मंजुरी लागते. संशोधनाच्या कुपीची माणसांसाठी अशी तपासणी झालेली नसते. त्यात जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन उरले आणि ते रक्तात गेले, तर ताप येण्यापासून रक्तदाब घसरण्यापर्यंत त्रास होऊ शकतो.

दुसरा मुद्दा कर्करोगाचा. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर बिघडून सतत चालू राहतो. जेफिटिनिबसारखी औषधं तोच संदेश थांबवतात. म्हणजे एकीकडे जखम भरायला हा संदेश हवा असतो, दुसरीकडे गाठ रोखायला तो बंद करावा लागतो.

त्यामुळे 'मानवी' हा शब्द वाचून कुपी माणसांसाठी आहे असं समजू नका. तो शब्द फक्त प्रथिनाची रचना सांगतो.