सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेला कार्यक्रम नक्की कोणाचा असतो?

माझ्या आत्याच्या भजनी मंडळाला चार वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या एका कार्यक्रमात टीव्हीवर गायला मिळालं. सगळी मिळून साडेसहा मिनिटं. आत्यानं ती सेट-टॉप बॉक्सला जोडलेल्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड केली. त्यानंतर घरी पाहुणे आले की चहाच्या आधी ते भजन लागायचं.

गेल्या पावसाळ्यात बॉक्स बंद पडला. कंपनीचा माणूस आला, जुना बॉक्स घेऊन गेला आणि नवा बसवून दिला. हार्ड डिस्क तीच होती, पण नवीन बॉक्सवर भजन काही लागेना. डिस्क जोडली की स्क्रीनवर एकच प्रश्न यायचा, ‘फॉरमॅट करायची का?’ कॉम्प्युटरवरही फाइल उघडली नाही. कॉल सेंटरवरून उत्तर आलं, “मॅडम, रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं.”

बॉक्सचे पैसे आत्यानं भरले होते, हार्ड डिस्क तिची होती आणि गाणारी माणसंही तिचीच. तरी रेकॉर्डिंग तिचं नव्हतं का? कायदा यावर काय म्हणतो, कंपनीला असं कुलूप लावता येतं का आणि रेकॉर्डिंगच्या सुविधेसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे का, हे समजून घेऊया.

घरातला डीव्हीआर म्हणजे काय?

डीव्हीआर म्हटलं की आपल्याकडे आधी सीसीटीव्हीचा डबा आठवतो. पण हे नाव टीव्हीचे कार्यक्रम डिजिटल रूपात साठवणाऱ्या यंत्रालाही लागू होतं. अमेरिकेत १९९९ मध्ये टिवो आणि रिप्ले टीव्ही हे असे पहिले बॉक्स बाजारात आले. भारतात २००८ मध्ये टाटा स्कायनं ‘प्लस’ नावानं रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स आणला.

यात दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात बॉक्सच्या आतच हार्ड डिस्क असते. दुसऱ्यात यूएसबी पोर्ट असतो आणि पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क आपण जोडायची असते.

बॉक्स विकत घेताना ट्यूनर किती आहेत, हे हमखास विचारावं. एकच ट्यूनर असेल तर साधारणपणे जे चॅनेल रेकॉर्ड होतंय तेच बघावं लागतं. घरात एकाला मालिका आणि दुसऱ्याला क्रिकेट हवं असेल, तर दोन ट्यूनर नसलेला बॉक्स भांडण मिटवत नाही.

घरी टीव्ही रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का?

हो. स्वतःच्या खासगी वापरासाठी असेल तर आहे.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३७ नुसार प्रसारण करणाऱ्या वाहिनीला तिच्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क मिळतो. पण त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की, एखाद्यानं स्वतःच्या खासगी वापरासाठी ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग केलं, तर त्या हक्काचा भंग होत नाही. मालिका, चित्रपट, संगीत यांच्या मूळ कॉपीराइटसाठी कलम ५२ आहे. त्यात खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या रास्त वापराला सूट दिलेली आहे.

या विषयावर जगभर दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या एका खटल्याचा. सोनी कंपनीच्या बेटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्ध युनिव्हर्सल स्टुडिओनं १९७६ मध्ये दावा लावला होता. लोक घरबसल्या आमचे कार्यक्रम कॉपी करतात आणि हे यंत्र त्यांना मदत करतं, असं स्टुडिओचं म्हणणं होतं. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल सोनीच्या बाजूनं दिला. आत्ता लागलेला कार्यक्रम सवडीनं नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं हा रास्त वापर आहे, असं न्यायालयानं म्हटलं. हा निकाल एका मताच्या फरकानं उलटा लागला असता, तर घरोघरी रेकॉर्डर पोचण्याची वाट बिकट झाली असती.

मग ‘खासगी वापर’ कुठे संपतो?

तुम्ही मॅच रेकॉर्ड केली आणि रात्री घरच्यांबरोबर बघितली, तर हा खासगी वापर झाला. तीच मॅच सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून सगळ्यांना दाखवली, गणेश मंडळाच्या मांडवात लावली किंवा संपूर्ण भाग यूट्यूबवर, टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकला, तर ही सूट तुमच्या कामाची राहत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून तो वापर खासगी ठरत नाही.

बातमी, समीक्षण, शिकवणं किंवा संशोधन यासाठी प्रसारणातला छोटा भाग वापरायला कलम ३९ वेगळी मुभा देतं. पण ‘क्रेडिट दिलंय’ असं खाली लिहून अख्खा एपिसोड शेअर करणं त्यात बसत नाही.

कायदा परवानगी देतो, तर कंपनी कुलूप कसं लावते?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

कायद्यातली सूट म्हणजे ‘तुम्ही हे केलंत तर गुन्हा नाही’ एवढंच. ‘कंपनीनं तुम्हाला हे करता येईल अशी सोय द्यायलाच हवी’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे ही ढाल आहे, हातात घेऊन कंपनीकडून काही वसूल करता येईल असं हत्यार नाही.

पे चॅनेलचं प्रसारण मुळातच सांकेतिक रूपात येतं आणि बॉक्स ते उलगडून दाखवतो. बहुतेक डीटीएच बॉक्स रेकॉर्डिंग साठवतानाही ते सांकेतिक रूपातच ठेवतात. त्याची किल्ली त्या ठराविक बॉक्सशी किंवा त्यातल्या कार्डाशी बांधलेली असते. म्हणून बॉक्स बदलला की फाइल डोळ्यांसमोर असून उपयोगाची राहत नाही. अनेकदा रिचार्ज संपला तरी जुनं रेकॉर्डिंग बघता येत नाही. एचडीएमआय केबलमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नललाही एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं. त्यामुळे मध्ये दुसरं यंत्र लावून कॉपी करणं सहसा जमत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ६५-ए आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप उघडणं या कलमात गुन्हा धरलेलं नाही. पण ही सूट कागदावरच राहते, कारण ते कुलूप उघडण्याचं साधन सामान्य ग्राहकाकडे नसतं. शिवाय कंपनीच्या अटींचा भंग झाला, हा मुद्दा निघतो तो वेगळाच.

एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालावा, अशी शिफारस ‘ट्राय’नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, एप्रिल २०२० मध्ये सरकारला केली होती. तरीही कंपनी बदलली की बॉक्स बदलायचा, हाच आजही आपला अनुभव आहे. त्यातही साधा बॉक्स बदलताना फक्त पैसे जातात, रेकॉर्डिंगचा बॉक्स बदलताना आठवणीही जातात.

ग्राहक म्हणून हातात काय आहे?

कॉपीराइट कायदा इथे थांबतो आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सुरू होतो. यातला मुख्य प्रश्न असा: विकताना तुम्हाला काय सांगितलं होतं?

‘हवं तेवढं रेकॉर्ड करा, कधीही बघा’ असं जाहिरातीत म्हटलं आणि नंतर रेकॉर्डिंगसाठी दरमहा वेगळे पैसे मागितले, तर ती दिशाभूल ठरू शकते. हार्ड डिस्क बिघडलेली निघाली आणि बिलावर दिलेल्या मुदतीत ती परत घेतली नाही, तर ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेलीच नसेल, तर कायदा ३० दिवस धरतो. पण ‘रेकॉर्डिंग याच बॉक्सवर चालेल’ ही अट विकतानाच स्पष्ट दिली असेल, तर तुमची बाजू कमकुवत होते.

तक्रारीचा रस्ता असा आहे:

१. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नुसतं फोनवर बोलून सोडू नका, ईमेलही करा.

२. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. ‘ट्राय’ नियम करतं, पण एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, हे लक्षात ठेवा.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. इथे तक्रार नोंदवली की ती कंपनीपर्यंत पोचवली जाते.

४. तरीही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लागतोच असं नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आयोग पैसे परत मिळवून देऊ शकतो, भरपाईही देऊ शकतो. कुलूपबंद फाइलमधलं भजन मात्र त्यामुळे परत येईलच असं नाही.

जादा पैसे मोजावेत का?

थोडं गणित करूया. एचडी चॅनेलचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट धरला, तर एका तासाला ३.६ जीबी जागा लागते. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर साधारण १३८ तास मावतात. रोज अर्ध्या तासाची एक मालिका रेकॉर्ड केली तर नऊ महिने डिस्क भरत नाही. म्हणून मोठ्या डिस्कचा आग्रह धरण्याआधी आपण खरंच किती बघतो, ते पाहावं.

विजेचा खर्च कोणी सांगत नाही. ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंग व्हायला बॉक्स चोवीस तास चालू लागतो. तो १५ वॅट वीज घेतो असं धरलं, तर महिन्याला जवळपास ११ युनिट होतात. त्या वेळी लाइट गेली तर रेकॉर्डिंगही गेलं. आणि पावसाळ्यात ‘सिग्नल नाही’ अशी पाटी आली, तर डिस्कवरही तीच पाटी साठणार.

मालिका दुसऱ्या दिवशी ओटीटीवर सापडत असेल, तर फक्त तिच्यासाठी रेकॉर्डिंगवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. पण ओटीटीवरचं ‘डाउनलोड’ म्हणजे रेकॉर्डिंग नाही. ती भाड्यानं घेतलेली प्रत असते. ती ॲपमध्येच चालते, मुदत संपली किंवा कार्यक्रमाचे हक्क गेले की निघून जाते.

रेकॉर्डिंगचा खरा उपयोग पुन्हा कुठेच न मिळणाऱ्या गोष्टींसाठी आहे. स्थानिक वाहिनीवरची मुलाखत, गावच्या यात्रेचं प्रक्षेपण, ओळखीच्या कोणाचं गाणं.

आणि इथे स्वस्त पर्याय अनेकदा सरस ठरतो. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही आणि सह्याद्रीसह तिथली बरीच चॅनेल खुली असतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक फ्री-टू-एअर बॉक्सना यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असते. खुल्या चॅनेलचं असं रेकॉर्डिंग बहुतेकदा साध्या फाइलच्या रूपात साठतं आणि कॉम्प्युटरवर चालतं. महागड्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग अडकून पडतं आणि स्वस्त बॉक्समधलं सोबत नेता येतं, असा हा प्रकार आहे.

घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

• रेकॉर्डिंगसाठी दरमहा वेगळे पैसे आहेत का?
• रिचार्ज संपल्यावर जुनं रेकॉर्डिंग बघता येईल का?
• बॉक्स बदलला तर रेकॉर्डिंगचं काय होईल?
• बॉक्स माझ्या मालकीचा की भाड्याचा? आतली डिस्क कोणाची?
• माझी स्वतःची डिस्क जोडली तर ती आधी फॉरमॅट होणार का?

उत्तरं ईमेलवर किंवा चॅटवर घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लग्नाचे फोटो असलेली डिस्क बॉक्सला लावून ‘ओके’ दाबणारे कमी नाहीत.

आत्याच्या भजनाचं काय झालं?

जुना बॉक्स आता परत मिळणार नाही. आम्ही वाहिनीकडे प्रत मागितली आहे, उत्तराची वाट बघतोय. दरम्यान मंडळातल्या एका काकूंच्या नातवानं प्रसारणाच्या दिवशी टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग सापडलं. चित्र हलतंय, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, पण भजन पूर्ण आहे.

तेव्हा तुमच्या घरचं कोणी टीव्हीवर येणार असेल, तर बॉक्सवर रेकॉर्डिंग लावाच. पण शेजारी एक मोबाइलही चालू ठेवा आणि ती फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी केलेलं ते शूटिंग बॉक्स बदलला म्हणून पुसलं जाणार नाही.