न्यूयॉर्कचा तीन मिनिटांचा नियम

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तीन मिनिटांहून अधिक काळ इंजिन चालू ठेवायला न्यूयॉर्क शहरात १९७१ पासून मनाई आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या यातून वगळल्या आहेत. माल चढवण्या-उतरवण्याचे यंत्र ज्याच्या इंजिनावर चालते, अशा ट्रकलाही तेवढ्या कामापुरती सूट आहे. २००९ मध्ये शाळांलगतच्या रस्त्यांवर ही मुदत एका मिनिटावर आणली गेली. ते योग्यच झाले, कारण शाळा सुटायच्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या बसगाड्यांचा धूर मुलांच्या थेट नाकातोंडात जातो. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर शिरतात आणि दमा बळावतो. हा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. ट्रकच्या वर्दळीने वेढलेल्या दक्षिण ब्रॉन्क्समध्ये तर दम्याचे प्रमाण इतके मोठे आहे, की त्या भागाला दम्याची गल्लीच म्हणतात.

कायदा होता, पण पुरावा कोण गोळा करणार? एकेका ट्रकपाशी तीन मिनिटे थांबून राहायला पोलिसांना सवड नव्हती. चालकांचीही अडचण होती. थंडीत हीटर आणि उन्हाळ्यात एसी चालवायचा, तर इंजिन बंद करून भागत नसे. त्यामुळे कितीतरी वर्षे हा नियम बव्हंशी कागदावरच राहिला.

त्यात जीव आणला तो सामान्य नागरिकांनी. जॉर्ज पाकेनहॅम हे वॉल स्ट्रीटवर नोकरी करणारे गृहस्थ वर्षानुवर्षे उभ्या गाड्यांच्या काचा ठोठावत, चालकाला कायदा समजावून इंजिन बंद करायला सांगत आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवत. त्यांच्या या खटपटीवर माहितीपटही निघाला. २०१८ मध्ये कायद्यात नवी तरतूद झाली. उभ्या ट्रकचे किंवा बसचे तीन मिनिटांहून अधिक लांबीचे चित्रीकरण शहराच्या पर्यावरण खात्याकडे पाठवणाऱ्याला वसूल झालेल्या दंडातला चौथा हिस्सा मिळू लागला. पहिल्या गुन्ह्याचा दंड साधारण ३५० डॉलर, म्हणजे तक्रारदाराच्या हाती सत्त्याऐंशी डॉलर पडतात. चित्रीकरणात इंजिनाचा आवाज, पाटी आणि वेळ स्पष्ट असावी लागते. तक्रारींचा आकडा बघता बघता वर्षाला हजारोंच्या घरात गेला.

बक्षिसासाठी लोक पाळत ठेवतात, हा वाहतूकदारांचा आक्षेप आहे. चिडलेल्या चालकांनी चित्रीकरण करणाऱ्यांवर हात टाकल्याच्याही घटना घडल्या. काही मोठ्या मालवाहू कंपन्या दंड भरतात आणि इंजिन चालूच ठेवतात. त्यांच्या हिशेबात तो धंद्याचाच एक खर्च असतो.